गालावरची तीट

“जरा वर धर. अजून थोडा. हां, आता हलू नकोस.”

मी फोन धरून बसले. तिकडं मस्कतच्या खोलीत सुजित पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांच्या मागं दोरीवर कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. इकडं माझ्या मांडीवर आमची लेक झोपली होती. तिला या जगात येऊन आठवडाही झाला नव्हता, नावही ठेवलं नव्हतं. सुजित नुसते बघत राहिले. मग नाक ओढून म्हणाले, “गुलाबी आहे गं अगदी. कुणावर गेलीय?”

“तुमच्यावर तर नाहीच,” मी म्हटलं.

ते हसले. आमच्या दोन्ही घरांत गोरं म्हणावं असं कुणी नाही. सुजित तर चांगलेच सावळे, लग्नात माझ्या मावशीनं त्यावरून नाक मुरडलं होतं. आणि फोनमध्ये दिसणारी ही पोर म्हणजे साबणाच्या खोक्यावरचं बाळ.

हा फोन सुजितनीच पाठवलेला. मस्कतच्या एका हॉटेलात ते एसीची कामं बघायचे. बाळंतपणाला रजा मिळाली नाही, तेव्हा गावाकडं निघालेल्या एका मित्राच्या हाती त्यांनी तो माझ्या माहेरी पोचवला. त्या कंपनीचा त्या वर्षीचा सगळ्यात वरचा, सगळ्यात महाग. मी फोनवर भांडले होते. म्हटलं, मला फोन लावायचा असतो आणि आलेला घ्यायचा असतो, त्याला एवढा भारी कशाला? माझ्या जुन्या फोनला काय झालं होतं? त्यातून चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसायचे, एवढंच.

तर ते म्हणाले, “तुझ्यासाठी नाही घेतला. मला माझ्या लेकीला नीट बघायचंय.”

मग मी तो फोन वापरायला काढला.

आमचं धामणेवाडी म्हणजे पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतलं दहा-वीस उंबऱ्यांचं गाव. तिथं असला फोन कुणी पाहिला नव्हता. आई पदराला हात पुसल्याशिवाय त्याला शिवायची नाही. बाळ बघायला येणाऱ्या बायका खोलीत डोकवायच्या, पण खोलीत दिसणार काय? बाळंतिणीची खोली ती. वारा लागू नये म्हणून खिडकीला गोधडी लावलेली, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओव्याचा धूर आणि वर एक पिवळा बल्ब. बायका डोळे बारीक करून माझ्या मांडीवर बघायच्या आणि म्हणायच्या, “फोटूत दाव की गं.” मी फोटो दाखवला की कौतुकाला भरती यायची. “आगं काय झ्याक दिसतीया,” “फारीनची हाय जणू.” आई लगेच लेकीच्या गालावर काजळाची तीट आहे ना, ते बघून घ्यायची. तीट असायचीच. रोज सकाळी आंघोळ घातली, हळद-तेलानं अंग चोळलं, की आई बोट काजळात बुडवून डाव्या गालावर मोहरीएवढा ठिपका द्यायची, एक तळपायाला द्यायची, आणि मगच पोर माझ्या हवाली करायची.

दुसरा रोजचा फोन पुण्याहून, माझ्या नणंदेचा. शुभांगीताई तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत. त्यांचं सगळं काम नीट. त्या कौतुकात वेळ घालवायच्या नाहीत.

“दूध ओढते का? लंगोट किती वेळा ओला होतो? पिवळी नाही ना वाटत? अंगावरचं सगळं काढून दाखव मला.”

मी झबलं काढून, फोन डोक्यापासून पायापर्यंत फिरवून दाखवायची. त्या चष्मा वर करून बघायच्या.

“नाही, रंग छान आहे. आईंना म्हणावं हळद जरा बेतानं लावा. आमच्याकडं लावूच देत नाहीत.”

“सांगते,” मी म्हणायची. आणि सांगायची नाही. आईला तिच्या हळदीवरून बोलणं म्हणजे घरात रुसवा ओढवून घेणं.

लेक फारशी रडायची नाही. हे तर सगळ्यांना फारच आवडलं होतं. “गुणी हाय माझी बाय,” आई म्हणायची, “तू आख्खी वाडी जागी ठिवायचीस.” आप्पांना, माझ्या वडलांना, दुधाच्या पिकअपची पहाटेची फेरी असायची. त्यांना नीट झोप मिळते म्हणून तेही नातीवर खूश होते. मीही खूश होते. झोपेचं खोबरं झालं नाही म्हणून कोणती बाळंतीण नाराज होईल?

मग एका दुपारी मी पहिल्यांदा घाबरले. माझं झंपर दुधानं भिजलं, अंगाला ठणका लागला, तरी ही जागी होईना. मी तिच्या कानाची पाळी चोळली. ओठांना बोट लावलं. तिनं तोंड उघडलं, दोनदा ओढलं आणि तसंच तोंडात धरून झोपली. मी तिचा झगा काढला, अंगावर गार हात ठेवला. तेव्हा ती रडली. पण ते रडणं आधीचं नव्हतं. बारीक, चिरकं, एका सुरातलं. रडताना तिनं मान मागं टाकली आणि पाठीची कमान केली. मी तिला सरळ करायला गेले तर ती सरळ होईना.

“आई, हिचं रडणं असं का येतंय?”

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “प्वाट दुखत आसंल. हिंग लाव बेंबीला.”

मी शुभांगीताईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “दाखव.” मी दाखवलं. लेक पुन्हा झोपली होती.

“अगं, छान गुलाबी दिसतेय की. झोपाळू असतात काही मुलं. पहिलटकरणीला सगळंच वाटतं. पण हे बघ, दूध अजिबात घेईना तर मला लगेच सांगायचं. लाजायचं नाही.”

“हो ताई.”

फोन ठेवल्यावर मी तिच्याकडं बघत बसले. खोलीत सगळंच पिवळं होतं. भिंत पिवळी, गोधडी पिवळी, माझे हातसुद्धा पिवळे. मग मी फोटो काढला आणि तो बघितला. फोटोत ती टवटवीत होती. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी किती फोटो काढले कोण जाणे. लेकीकडं बघून घाबरायची आणि फोनमध्ये बघून सावरायची. थोड्या वेळानं पुन्हा घाबरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीलाही ती रडली नाही. गरम पाण्याचा तांब्या अंगावर पडला की पोर कसं किंचाळतं, पण हिनं नुसता एक हात हलवला. आईच्या मनात काय आलं देव जाणे, पण त्या दिवशी तिची नेहमीची गाणी बंद होती. तिनं मुकाट्यानं तेल चोळलं, तीट लावली आणि पोर माझ्या मांडीवर ठेवली. मी पाजायला घेतली. ती ओढेना. दूध तिच्या ओठांच्या कडेनं माझ्या लुगड्यावर उतरत होतं आणि मी ते बघत होते.

फोन वाजला. सुजित. त्यांची नाश्त्याची वेळ असावी, अंगात कामाचा डगला होता.

“उठली का राणी?”

“नाही. अहो, ही दूध घेईना. कालपासून...”

“दाखव तर.”

मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. ते बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हे म्हणतील की हर्षदा, ही बरी दिसत नाही. म्हणाले काय, तर, “काय दिसतेय गं. तुम्ही हिला तीट लावत नाही का? दृष्ट लागेल की.”

“लावलीय की. आत्ताच लावली आईनं.”

“कुठं? मला नाही दिसत.”

मी लेकीच्या गालाकडं बघितलं. तीट होती. काळी, ठसठशीत. मी फोनकडं बघितलं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आमच्या बाजूचं चित्र दिसतं ना, त्यात बघितलं. गाल साफ होता.

मी फोन जवळ नेला. गाल साफ. लांब नेला, बल्बच्या बाजूला वळवला. गाल साफ आणि गुलाबी. मांडीवरच्या लेकीला तीट होती आणि फोनमधल्या लेकीला नव्हती.

“आई,” मी हाक मारली. “आई, इकडं ये.”

ती आली. मी काही न बोलता तिला आधी फोन दाखवला, मग पोरीचा गाल दाखवला. तिनं दोनदा इकडून तिकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला.

“आगं बाई. तीट दिसंना म्हंजी काय?” तिनं पदर तोंडाला लावला. “कुनाची तरी लई वंगाळ नजर हाय. तू हितंच बस. मी मीठ-मव्हरी आनते.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही तेच मानलं. त्या अंधाऱ्या खोलीत, धुरात, थंड पडत चाललेलं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? कुणीतरी माझ्या लेकीवरची राखण पुसून नेली होती आणि आता तिला न्यायला येणार होतं. मी तिला छातीशी घट्ट धरलं.

धरताना फोन कलंडला आणि त्यात माझं तोंड आलं. माझ्या हनुवटीवर एक तीळ आहे, चांगला मोठा, काळा. शाळेत मला त्यावरून चिडवायचे. फोनमधल्या माझ्या हनुवटीवर तो नव्हता. माझंही तोंड कसं गुळगुळीत, गुलाबी होतं. रात्र-रात्र जागलेली बाळंतीण मी, माझ्या डोळ्यांखाली काळं वर्तुळ नाही, काही नाही.

“अहो,” मी म्हटलं, “माझा तीळ दिसतोय का तुम्हाला?”

“कुठला तीळ?”

“माझा. हनुवटीवरचा.”

ते पुढं वाकले. मग हळूच म्हणाले, “नाही गं. नाही दिसत.”

नजर नव्हती ती. हा फोनच पुसत होता. त्याला जो जो डाग वाटेल तो तो हा पुसून देत होता, माझा तीळ, लेकीची तीट. आणि मग माझ्या मनात पुढचा विचार आला. हा अजून काय काय पुसत होता?

मी उठले. टाक्यांच्या दुखण्याकडं बघितलं नाही. लेकीला उचललं आणि दाराकडं निघाले. आई मीठ-मोहरी मुठीत घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच आडवी आली.

“कुटं निगालीस? बाळंतिनीनं भाइर जाऊ न्हाई. वारं लागंल.”

“मला उजेड पाहिजे.”

“आगं उजेड कशापायी? डोस्कं तरी बांध.”

“आई, बाजूला हो.”

मी आईशी असं आधी कधी बोलले नव्हते. ती बाजूला झाली.

अंगणात ऊन असं लख्ख होतं की मला डोळे उघडवेनात. दोरीवर आप्पांचं धुतलेलं धोतर होतं. ते मी ओढून पायरीवर पसरलं, त्यावर लेकीला ठेवलं आणि तिचा झगा काढला. पांढऱ्या धोतरावर ती पिवळी दिसत होती. कपाळ पिवळं, छाती पिवळी, पोट पिवळं.

“हाळद हाय ती,” आई मागून म्हणाली. “आत्ता तर लावलीया मी. हाळदीचा रंग हाय.”

मी धोतराचं टोक रांजणात बुडवलं आणि तिचं अंग पुसलं. टोक पिवळं झालं. दुसरं टोक बुडवून पुन्हा पुसलं. या वेळी ते पांढरंच राहिलं. लेक पिवळीच राहिली. मी तिच्या छातीवर अंगठा दाबून उचलला, तर खालची कातडीही पिवळी. पापणी उचलली. डोळ्यांत पांढरं असतं ते पांढरं नव्हतं. तिनं पापणी मिटायचाही कंटाळा केला.

मी तिचे पाय हातात घेतले. पिवळ्या तळपायावर काजळाचा ठिपका.

आई माझ्या शेजारी खाली बसली. मूठ सैल झाली आणि मीठ-मोहरी पायरीवर सांडली. “तळपायाला मी हाळद लावीत न्हाई,” ती अगदी हळू म्हणाली. “तितं कवाच लावली न्हाई मी.”

माझ्या दुसऱ्या हातात फोन अजून चालूच होता. त्यात सुजित ओरडत होते. “हर्षदा, काय झालं? मला दिसत नाही काही. मला दाखव.”

“दाखवून उपयोग नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला दिसणार नाही.”

नशिबानं आप्पा नुकतेच डेअरीवरून परतले होते. त्यांनी नातीकडं एकदा बघितलं आणि पिकअप वळवला. मागं दुधाचे रिकामे कॅन तसेच होते. पुढं आप्पा, मधे मी, दाराशी आई. घाटाच्या प्रत्येक वळणाला मागचे कॅन एकमेकांवर आपटायचे. असला आवाज, की झोपलेलं माणूस उठून बसावं. माझी लेक उठत नव्हती.

“ती दचकत पण न्हाई,” आप्पा म्हणाले.

शुभांगीताईंचा फोन आला. सुजितनी त्यांना कळवलं होतं.

“तळपायाला टिचक्या मार. रडते का?”

“नाही.”

“जोरात मार. मार गं, काही होत नाही. तिला असं झोपू द्यायचं नाही. सरळ कराडला लहान मुलांच्या दवाखान्यात घाला, मधे कुठं थांबू नका.” मग त्यांचा आवाज जरा अडखळला. “एकदा दाखव मला.”

मी फोन वळवला. खिडकीतून ऊन थेट तिच्या अंगावर पडत होतं. ताई बघत राहिल्या. त्या वेळी मला वाटलेली भीती मला अजून आठवते. वाटलं, आता या म्हणतील, काही नाही गं झालेलं, परत जा. आणि मी परत जाईन. इतक्या शिकल्या-सवरल्या, रोज असली पोरं हाताळणाऱ्या बाईचं ऐकणार नाही तर कुणाचं ऐकणार?

“हर्षदा,” त्या म्हणाल्या, “मला ती गुलाबीच दिसतेय.”

“ती गुलाबी नाही ताई. ती हळदीसारखी पिवळी आहे. तळपायापर्यंत.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“मग तू बघतेस तेच खरं. फोन ठेव आणि तिला जागी ठेव. मी पुण्याहून निघतेय.”

त्या बाईचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण हा सगळ्यात मोठा.

त्यानंतर सुजितचे फोन येत राहिले. मी घेतले नाहीत, दोन्ही हात लेकीला लागले होते. फोन मांडीवर होता. तो वाजला की वर चित्र उजळायचं. मीच लावलं होतं ते, लेकीचं, दोन दिवसांपूर्वीचं. गोरं, गुलाबी, गाल साफ. त्याच्याच शेजारी माझ्या मांडीवर हिचं तोंड, मान मागं टाकलेली, ओठ कोरडे. जशी माझी एक लेक फोनमध्ये सुखानं झोपली होती आणि दुसरी माझ्या मांडीवरून निघून चालली होती. आणि सगळ्या जगाला ती पहिलीच दिसत होती. मी फोन उलटा करून ठेवला आणि तळपायाला टिचक्या मारत राहिले. आई माझ्या खांद्याला धरून काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल, नाहीतर नुसतंच “उठ गं बाय” असेल.

पाटण गेलं. मल्हारपेठ गेलं. एकदा मला वाटलं तिचा श्वास थांबला. मी गाल तिच्या नाकाशी नेला. काही लागेना. बाहेरचा वारा, गाडीची घरघर, कॅनचा खणखणाट, त्यात तो एवढासा श्वास मला कसा कळावा? “आप्पा, गाडी थांबवा,” मी म्हटलं. ते थांबले नाहीत, उलट त्यांनी वेग वाढवला. मी तिचा पाय जोरात चिमटला. ती ओरडली. तेच बारीक, चिरकं ओरडणं. आदल्या दिवशी ज्या आवाजानं मी घाबरले होते, तो ऐकून आता मला रडू फुटलं.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटला बघत होत्या. त्यांनी दारातूनच आमच्याकडं बघितलं आणि उठल्या. लेक माझ्या हातातून गेली. मग सुया, नळ्या, धावपळ. कुणी माझा रक्तगट विचारला, कुणी सही घेतली. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, “तुमचा आणि तिचा रक्तगट वेगळा आहे, त्यातून ही कावीळ वाढलीय. फार वाढलीय. दिव्याखाली ठेवतोय, पण तेवढ्यानं भागणार नाही. अंगातलं रक्त बदलावं लागेल.”

“वाचंल न्हवं?” आईनं विचारलं.

“प्रयत्न करतोय,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “इतकी पिवळी होईपर्यंत घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

आईनं मान खाली घातली. मी फोन सुरू करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो बघितला, मागचा बघितला, त्याच्या मागचा बघितला. काचेतून आत निळ्या उजेडात डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलेल्या माझ्या लेकीकडं बघितलं. फोन मला परत दिला.

“हा आजचा फोटो आहे?” त्यांनी विचारलं.

“सकाळचा.”

त्या आत निघून गेल्या.

शुभांगीताई संध्याकाळी पोचल्या. आल्या त्या थेट काचेपाशी गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी रोज चष्मा वर करून बघितलेली भाची त्यांना पहिल्यांदा दिसत होती. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा आई उठली आणि त्यांना धरून बाकावर घेऊन आली.

रक्त बदललं. ती वाचली. हे मी आता एका ओळीत लिहितेय, पण त्या बाकावर बसून ते सहज झालं नाही.

सुजित नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीनं भांडून रजा घेऊन आले. तोवर लेक दिव्याखालून बाहेर आली होती, दूध ओढायला लागली होती. ते विमानातून उतरले ते सरळ दवाखान्यात, अंगावर प्रवासाचेच कपडे. मी लेक त्यांच्या हातात दिली. ते खिडकीपाशी जाऊन उजेडात तिला बघत उभे राहिले. फार वेळ उभे राहिले.

“सावळी आहे गं,” ते म्हणाले.

“हो.”

“माझ्यावर गेलीय.” आणि त्यांनी तिचा गाल आपल्या गालाला लावला.

चेहरे गोरे, गुळगुळीत करायची ती सोय त्या फोनमध्ये दुकानातून आली तशीच चालू होती, हे त्यांनी नंतर शोधून काढलं. बंद करायलाही फार काही करावं लागलं नाही. एक बोट लावलं की झालं. ते बोट कुठं लावायचं हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि असलं काही लावायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटलं, महाग फोन म्हणजे जास्त खरं दिसणार.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं.

“आत्ता सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात. पण एवढी कावीळ होऊन गेली की कधी कधी ती कानांवर उतरते. आज ऐकू येतंय म्हणजे उद्या येईलच असं नाही. काही वर्षं लक्ष ठेवा. समोरून बोलून कळत नाही, मुलं तोंडाकडं बघून ओळखतात. मागून हाक मारून बघत जा. हळू आवाजात.”

लेकीचं नाव आम्ही जुई ठेवलं. ती आता चौथीत आहे. गेल्या दिवाळीत सुजितचा फोन बिघडला म्हणून आम्ही तिघं कराडला मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानात गाणी लावलेली, गर्दी, काचेवर काच. दुकानदार पोरगेलाच होता, बोलण्यात मोठा चलाख. “साहेब, रोजच्या वापराला साधा चालतो हो, पण कॅमेरा बघा याचा,” तो सगळ्यात वरचा फोन पुढं करून म्हणाला. “अंधारातसुद्धा चेहरा उजळून निघतो.”

“यात तीळ दिसतो का?” सुजितनी विचारलं.

“काय?”

“तीळ. माणसाच्या तोंडावरचा.”

तो बिचारा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी हसणार होते. पण माझं लक्ष जुईकडं गेलं. ती दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून, काचेत मांडलेले हेडफोन बघत होती. वेणीची रिबन सुटली होती.

सवयच लागलीय मला. स्वयंपाकघरात, शाळेच्या फाटकाशी, देवळाच्या रांगेत. ती पाठमोरी दिसली की माझ्या तोंडातून हाक निघते. मी दोन पावलं मागं झाले.

“जुई,” मी हळूच म्हटलं.

ती वळली नाही.

गाणी चालू होती. गाण्यांमुळं असेल. मी जरा थांबले.

“जुई.”

वळली नाही. तिचं बोट काचेवर एका हेडफोनवरून दुसऱ्यावर सरकत होतं. मागं दुधाचे कॅन खणखणत होते आणि मांडीवरची दचकत नव्हती. ते सगळं जसंच्या तसं परत आलं. सुजितनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचाही चेहरा पडला. दुकानदार काहीतरी सांगत होता. मी अजून एक पाऊल मागं घेतलं. तिसरी हाक ओठांवर आली.

“ऐकलं गं आई,” जुई न वळताच म्हणाली. “पहिलीच हाक ऐकू आली होती.”